तिजेच्या दिवसांत केलेली मोजणी

भिलाई पाहून आलेला माणूस आधी भट्टीचे सांगतो, मग रशियनांचे, मग रस्त्यांच्या रुंदीचे. मीही परत आल्यावर याच क्रमाने सांगितले. आमच्या वाडीतल्या मंडळींना रशियन फार आवडले. उघडे अंग करून खाटेवर ऊन खात पडणारा इंजिनियर त्यांनी कधी ऐकला नव्हता. सगळे खूश होऊन घरी गेले आणि मला कोणी आणखी काही विचारले नाही. तेव्हापासून काही वर्षे गेली आहेत. लोक मला अबोल म्हणतात. खरे तर मी सोयीपुरते बोलणारा माणूस आहे. जे तेव्हा सोयीचे नव्हते ते आता लिहितो.

मी पुण्याच्या एका अर्थशास्त्राच्या संस्थेत अन्वेषक होतो. अन्वेषक म्हणजे जो उन्हातान्हात हिंडून माहिती आणतो, आणि तिचा अर्थ लावायची ज्याला परवानगी नसते तो. अर्थ लावायला आमच्याकडे डॉक्टरसाहेब होते. ते विलायतेत शिकून आले होते आणि मजुरांच्या स्थलांतरावर त्यांचा मोठा अधिकार होता. मजुरांची वस्ती त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिली होती.

दुर्ग, तान्हा पोळा

दुर्गला उतरलो तो पोळ्याचा दुसरा दिवस होता. आमच्या ग्रंथपालांचे मेहुणे भाऊराव लांजेवार तिथे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, त्यांच्याकडे मी उतरणार होतो. त्यांच्या क्वार्टरसमोर दहाबारा पोरे लाकडी चाकांचे बैल ओढत घरोघर फिरत होती आणि प्रत्येक दारात बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाने खाऊचे पैसे, मागत होती. आमच्याकडे बैल खरा लागतो आणि त्याची पूजा झाली की दिवस संपतो. इथे दुसऱ्या दिवशी लाकडाच्या बैलालाही मान. लांजेवार मूळचे सावनेरचे. त्यांनी सावनेरचा बैल दुर्गला आणला होता, एवढे मी वहीत टिपले, कारण स्थलांतर हा माझा विषय होता.

आदल्या दिवशीची पुरणपोळी तुपात बुडवून वाढताना लांजेवार म्हणाले, "काय मोजाले आले जी तुमी?"

"स्थलांतरित मजूर. बाहेरून इथे कामाला आलेले."

"मंग पयले मलेच मोजा. मी सावनेरचा, हे हिंगनघाटची, अन् हे पोरगं इथलंच पैदा झालं. याले कोन्त्या खान्यात टाकता?"

मी म्हणालो, तुम्ही मजूर नाही.

"सकाळी मालधक्क्यावर या अन् पाहा," ते म्हणाले, आणि वहिनी पदराआड हसल्या.

कोहक्याच्या अलीकडे

कारखाना कुठे आहे असे विचारले की लोक चारही दिशांना हात करत. ते खरेच होते. जिकडे बघावे तिकडे खड्डा, आणि खड्ड्याच्या तोंडाशी पाटी. काही पाट्यांवर रशियन अक्षरे होती. ज्याला आपली अक्षरे येत होती त्यालाही ती येत नव्हती, त्यामुळे निदान त्या बाबतीत समता होती.

माझी छावणी कोहका गावाच्या अलीकडे होती. एका ठेकेदाराने काँक्रीटच्या कामावर आणलेल्या मजुरांच्या झोपड्या, कुडाच्या, वर गवत आणि डांबरी कागद. तिथे पोचताना लाल चिखलात माझी डावी चप्पल रुतली. मी वाकून हात घातला, कोपरापर्यंत गेला, चप्पल आली नाही. एका म्हाताऱ्याने मला सांगितले की त्याच जागी गेल्या महिन्यात एका मुकादमाची सायकल गेली, तेव्हा मी समाधान मानावे. पुढचे दोन दिवस मी वहिनींच्या खडावा घालून अर्थशास्त्र केले.

ठेकेदाराच्या इंजिनियरने मला आपल्या पत्र्याच्या कचेरीत बसवले आणि मेजावर दोन नकाशे पसरले. झोपड्या पाडायच्याच होत्या, तिथून गटार जाणार होते. पहिल्या नकाशात एकेका खोलीच्या ओळी होत्या, खोलीपुढे ओटा, ओट्यावर चूल. दुसऱ्यात लांब बराकी, खाटेला खाट.

"कुटुंबं असतील तर ओळी बांधू," तो म्हणाला. "एकटे पुरुष असतील तर बराक. बराकीत बायका ठेवता येत नाहीत. आम्हाला काय, दोन्ही सारखंच. तुमची मोजणी येईल तसं."

इतक्या साफ शब्दांत मला माझ्या कामाचा उपयोग आयुष्यात कोणी सांगितला नव्हता. मी भारावून गेलो.

आमचा फॉर्म डॉक्टरसाहेबांनी स्वतः तयार केलेला. कुटुंबाची व्याख्या त्यात ठळक छापली होती: काल रात्री या छपराखाली जे झोपले आणि एका चुलीवर जेवले ते. शेवटच्या पानावर मानवी सुखाचे प्रश्न होते. गावाकडच्यापेक्षा इथे आपण जास्त समाधानी आहात काय? फार, थोडेसे, मुळीच नाही. त्यावर खुणा करायच्या.

पहिल्याच माणसाला विचारले, इथे येण्यापूर्वी कुठे राहत होतात? त्याने बोट दाखवले. मी वळून पाहिले. समोर चाळीस पावलांवर एक मोठा खड्डा होता.

"तिथे?"

"हां साहेब. खड्डा आता झाला. आधी घर होतं."

मी नियमाप्रमाणे लिहिले: स्थलांतरित, अल्प अंतर. समाधानी आहात काय, असे विचारल्यावर त्याने उलट विचारले की हे सांगितल्याने घर परत मिळते काय. फॉर्मवर या उत्तराला खूण नव्हती, म्हणून मी 'थोडेसे' वर केली.

त्या दिवशी झोपडी झोपडी फिरलो. सगळीकडे पुरुष. कोणी भात रांधतोय, कोणी स्वतःचा सदरा धुतोय, कोणाच्या कडेवर मूल नाही. घरात कोण कोण? मी एकटा. काल रात्री कोण झोपले? मी एकटा. फॉर्म इतके भराभर भरले गेले की मला स्वतःच्या हुशारीचा अभिमान वाटू लागला. दोरीवर बायकांची लुगडी वाळत होती, चुलींशी पोतेरे होते, दारांपुढे शेणाचा सडा होता. हे मला दिसले. लुगड्यांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

हरतालिका

तिसऱ्या दिवशी वहिनींनी पाटावर वाळूचे शिवलिंग मांडले. त्यांचा कडक उपास होता, तरी भांडी त्याच घासत होत्या. मी उगीच म्हटले, मोलकरीण आली नाही वाटते.

"कुठची येते जी? तिचा भाऊ आला, घेऊन गेला मायच्या घरी. तीजा आहे न. इकडच्या साऱ्याच बाया जातात. सासरी कोनी राह्यत नाई."

"हरतालिकेला माहेरी?"

"आपुन घरीच करतो. यांचं तसं नाई. भाऊ नाई तं बाप घ्याले येते, अन् लुगडं घेऊन वापस येतात आठ-पंधरा दिवसानं. पोरंसोरं संगतीनं."

मी चहा पीत होतो. पेला खाली ठेवला. इथे मी वाचकांशी खोटे बोलू शकतो, की माझ्या ध्यानात आले नाही. आले होते. त्याच क्षणी आले. पुण्यात माझी बायकोही त्या दिवशी वाळूची पिंड करून घरातच बसली असणार. तीज म्हटले की बाई घरातच, हे माझ्या डोक्यात इतके पक्के होते की छावणीभर वाळणाऱ्या लुगड्यांचा मी तोवर काही अर्थच लावला नव्हता.

तरी मी छावणीत गेलो. आणि त्या दिवशी एका झोपडीत बाई सापडली.

तिचे नाव केजा. तिचा नवरा बुधराम काँक्रीटच्या कामावर होता आणि तीही तिथेच रेजा होती, म्हणजे डोक्यावर घमेली वाहणारी. दुपारच्या सुट्टीत ती ओट्याला टेकून बसली होती आणि दोन मुली बोरे-बासी खात होत्या, पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, मीठ आणि मिरची. बुधरामने मलाही एक वाटी दिली. उन्हातून आल्यावर ते थंडगार आंबूस पाणी पोटात गेले आणि मी पुण्याच्या ताकाला मनोमन सोडचिठ्ठी दिली. केजाने काही खाल्ले नाही. तिचा निर्जळी उपास होता. पाण्याचा थेंब न घेता ती सकाळपासून गिलावा वाहत होती.

मी तिला विचारले, तू माहेरी गेली नाहीस?

"कोन लेगही? भाई नइ हे," ती म्हणाली. नेणारे कोणी नाही. आवाजात तक्रार नव्हती. आज बस नाही असे सांगावे तसे.

मी कुटुंबाची माणसे लिहिली, चार. मग फॉर्मच्या धर्माला जागून शेवटचा प्रश्न विचारला. गावापेक्षा इथे जास्त समाधानी आहेस काय?

केजा हसायला लागली. "आज नको विचारू साहेब," ती तिच्या बोलीत म्हणाली, "आज घसा कोरडा आहे. उद्या पाणी पिऊन सांगेन."

बुधराम म्हणाला, "साहेब, त्या नव्या खोल्या बांधणार आहेत ना? ओट्याच्या?"

"मोजणीवर आहे," मी म्हणालो.

केजाचे हसू थांबले. तिने छावणीकडे पाहिले, एकेका दाराकडे, जणू तीच मोजत होती. मग माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे. "आज गिनथव का? आज तो सब मइके गे हें." आज मोजता? आज तर सगळ्या माहेरी. आणि मग सावकाश, मतिमंद माणसाला सांगावे तसे, "आठ दिन पाछू आहू साहेब. तब गिनहू." आठ दिवसांनी या, तेव्हा मोजा. "नाहीतर आम्हाला कुठे पाठवतील? बाकीच्यांना माहेर आहे. मला तेही नाही."

मी मान हलवली. होकार म्हणून हलवली असे तिला वाटले. मलाही तसेच वाटले.

गणेशचतुर्थी

लांजेवारांकडे गणपती बसला. रेल्वेतली पाचसात मराठी घरे जमली, आरत्या झाल्या, आणि आरतीला आलेल्या पोरांनी आपसांत हिंदीत भांडण करून प्रसाद मराठीत मागितला. दुपारी मी लांजेवारांना सगळे सांगितले, नकाशांसकट.

"मंग थांबा न आठ दिस," ते म्हणाले. "कावून जाता? इथं काय जेवाले भेटत नाई का?"

मी कारणे सांगितली. खर्चाची मंजुरी सहा दिवसांचीच आहे. घरी गणपती आहे. मोजणीच्या तारखा बदलल्या तर सगळ्या केंद्रांची तुलना बिघडते. शेवटचे कारण मी जरा मोठ्याने सांगितले, कारण ते शास्त्रीय होते.

लांजेवार ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या धक्क्यावर वॅगन रिकामी दिसली तं आमी पयले इचारतो, माल उतरला का चढ्याचाच आहे. तुमी तं लिहून टाकलं, वॅगनमंदी कधी मालच नोता."

"मी व्याख्येप्रमाणे लिहिलं."

"हो न. लिहिणाराचं काई चुकतच नाई जी."

मी त्यांच्यावर रागावलो. ज्याच्या घरचा मोदक हातात आहे त्याच्यावर रागावणे अवघड असते, पण मी जमवले.

जे कारण सांगितले नाही ते असे. पुण्याहून निघण्याआधी डॉक्टरसाहेबांनी अहवालाची प्रकरणे मला वाचून दाखवली होती. चौथ्याचे नाव होते 'एकाकी पुरुष: नव्या औद्योगिक नगरातील स्थलांतरिताचे रूप'. मोजणी व्हायची होती, प्रकरण झाले होते. आणि ते प्रकरण लिहायला या वेळी मला मदतीला घेणार होते, मुखपृष्ठावर दुसरे नाव माझे. छावणीत मी जे आणले होते ते त्या प्रकरणात चपखल बसत होते. इतके चपखल की मीच थक्क झालो. आठ दिवस थांबलो असतो तर बायका, पोरे, करंड्या, कोंबड्या सगळे परत येऊन माझ्या नावावर बसले असते.

सहाव्या दिवशी मोजणीची बेरीज इंजिनियरच्या मेजावर ठेवून मी छावणीतून निघालो. दुर्गच्या रस्त्यावर समोरून दोन बैलगाड्या आल्या. नवी लुगडी नेसलेल्या बायका, मांडीवर मुले, गाठोड्यात ठेठरी-खुरमीचा तिजेचा फराळ. एका गाडीतून कोणीतरी मला हाक मारून खुरमीचा तुकडा दिला. परक्याला गोड देण्याची त्यांची रीत. मी तो खाल्ला, चांगला होता, आणि आगगाडी गाठली.

दीड वर्षानंतर

अहवाल छापून आला. नाव आले. मला बढती मिळाली आणि एका परिसंवादात चौथ्या प्रकरणाचे कौतुक झाले. एका वक्त्याने तर एकाकी पुरुषाच्या मानसिक पोकळीवर वीस मिनिटे भाषण केले. मी टाळ्या वाजवल्या.

पुढे दुसऱ्या कामासाठी रायपूरला जाणे झाले. परतीची गाडी दुर्गहून पकडायची होती. लांजेवारांची तोवर बदली झाली होती. हाती वेळ होता आणि मी कोहक्याच्या बसमध्ये बसलो. का बसलो ते आजही नीट सांगता येणार नाही. पाहून यावे एवढेच.

झोपड्या नव्हत्या. गटार होते, सिमेंटचे, फार चांगले. आणि पलीकडे दोन लांब बराकी, नकाशात होत्या तशाच. दारावर चौकीदार, खिडक्यांना जाळी, आत खाटेला खाट. भिंतीला लागून बाहेरच्या बाजूने तीन दगडांच्या चुलींची रांग होती. आतल्या भोजनालयातले जेवण कोणाला गिळवत नव्हते म्हणून पुरुष बाहेर येऊन रांधत. सुट्टीचा दिवस होता. एका चुलीपाशी बुधराम बसला होता.

त्याने मला लगेच ओळखले. खडावावाला साहेब, असे त्याने शेजाऱ्यांना सांगितले. मला चहा दिला. केजा कुठे आहे, मी विचारले.

"जामुल." जामुलच्या बाजूला खडी फोडायच्या कामावर होती. मुलींना घेऊन कोणाच्या तरी पडवीत राहत होती. तो आठवड्याला एकदा जाई. बाकीच्यांच्या बायका माहेरी नाहीतर सासरच्या गावी परतल्या होत्या. तिला तशी जागा नव्हती, म्हणून जामुल.

मग बुधराम थोडा पुढे सरकला. "साहेब, एक विचारू? तुम्ही आमचे चार लिहिले होते ना? माझ्यासमोर लिहिले होते. केजा म्हणते, साहेबांनी चार लिहिले, मी पाहिले."

"हो. चार लिहिले होते."

"मग तो कागद गंवा गे का?"

कागद हरवला का, एवढेच त्याने विचारले. कचेऱ्यांत कागद हरवतात हे त्याला ठाऊक होते आणि त्याबद्दल त्याचा कोणावर राग नव्हता. मी म्हणालो, "हरवला असेल."

त्याचा चेहरा उजळला. "फेर लिख देव!" तो उठलाच. बराकीच्या दाराशी जाऊन त्याने हाका मारल्या, की मोजणीवाले साहेब आले आहेत, कागद हरवला होता, आता पुन्हा लिहिणार आहेत. पाहता पाहता माणसे बाहेर आली. कोणी सदरा चढवत, कोणी पाण्याचा हात केसांवरून फिरवत. माझ्यासमोर रांग लागली. कोणी न सांगता त्यांनी रांग लावली. पहिल्या माणसाकडे मी नुसते पाहिले तर तो सांगू लागला, घरवाली, दोन मुलगे, एक मुलगी, आई. बायकोचे नाव घेईना, मोठ्या मुलाची आई लिहा म्हणाला.

माझ्याकडे लिहायला बसच्या तिकिटाशिवाय कागद नव्हता.

"बुधराम," मी म्हणालो, "कागद हरवला नाही."

तो थांबला. मी सांगितले. शब्द फार लागले नाहीत. की तुझे चार बरोबर लिहिले होते. बाकीच्या घरांत एकेक लिहिला, कारण बायका तिजेला गेल्या होत्या. तुझे चार त्या सगळ्यांच्या बेरजेत बुडाले. त्यावरून या बराकी झाल्या. आणि केजाने मला सांगितले होते, आठ दिवसांनी या.

"तिने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुम्हाला समजलं होतं."

"हो."

रांगेतल्या काहींना ऐकू गेले, काहींना नाही. मागचा एकजण पुढे सरकण्याची वाट पाहत होता. बुधराम त्यांच्याकडे वळून म्हणाला, "जावव भाई. कांही नइ लिखाय." जा, काही लिहायचे नाही. माणसे लगेच गेली नाहीत. मग एकेक करून गेली. पहिला माणूस सर्वांत शेवटी गेला, कारण त्याची आई लिहायची राहिली आहे असे त्याला वाटत होते.

बुधरामने माझा रिकामा पेला उचलला, विसळला आणि पालथा घातला. मला काहीतरी बोलेल, शिवी देईल, अशी मी वाट पाहत होतो. शिवी मिळाली असती तर ती घेऊन मला जाता आले असते.

"हे केजाला सांगावं लागेल," तो म्हणाला. "ती अजून कागदच शोधते आहे. कचेरीत दोनदा जाऊन आली. तुमन बताहू, के मैं बतावंव?" तुम्ही सांगाल, की मी सांगू?

मी म्हणालो, माझी गाडी आहे.

त्याने मान हलवली आणि चुलीतले लाकूड मागे ओढले. मी बसच्या दिशेने चालू लागलो.

जामुल तिथून तासाभराच्या वाटेवर होते. दुपारचे तीन वाजले होते. माझी गाडी रात्री दहाची होती.